चावी दे, असं मीच म्हणालो

माझ्या बहिणीचं डोकं चालेनासं झालंय असं तिच्या मुलाला वाटलं, सुनेला वाटलं, शेजारणीला वाटलं आणि शेवटी तिचं तिलाही वाटायला लागलं. ते खोटं आहे हे फक्त मला ठाऊक होतं. चार महिने ठाऊक होतं आणि चार महिने मी तोंडाला कुलूप लावून बसलो. मला शिव्या घालायला कुणी शब्द शोधत असेल तर त्याला त्रास नको. शब्द मीच पुरवतो.

माझं गॅरेज आहे. दोन गाड्या आत मावतात, तिसरी आली की ती बाहेर आणि माझे पायही बाहेर. मला इंजिन कुणी शिकवलं नाही. उघडलं, मोडलं, मालकाच्या हातचा मार खाल्ला आणि शिकलो. अशा माणसाला एक रोग जडतो. शिकलेल्यांना काही येत नाही आणि आपल्याला सगळं येतं, असं त्याला वाटायला लागतं. मला तो रोग भरपूर आहे.

आसपासच्या कुणाला जुनी गाडी विकायची असली की तो आधी माझ्याकडे येतो. त्याला ऐकवायचं माझं भाषण ठरलेलं. इंटरनेटवर जाहिरात टाक, पण घराचा पत्ता टाकू नकोस. गिऱ्हाईक गाडी चालवून बघणार असेल तर शेजारी बस. पैशाचा व्यवहार बँकेत कर, बँक उघडी असताना, काउंटरसमोर उभं राहून. मोबाइलवर आलेला मेसेज म्हणजे पैसे नव्हेत, मेसेज माझा कुत्रासुद्धा पाठवील. आपलं खातं आपण उघडायचं, शिल्लक वाढलेली बघायची, बँकेतल्या माणसाला विचारायचं, आणि मग चावी आणि कागद. आधी नाही. समोर खुद्द सज्जनपणा बूट घालून उभा असला तरी नाही.

हे भाषण माझ्या ताईला पाठ होतं. तिला सगळंच पाठ असतं. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं अठ्ठावीस वर्षं ऑपरेटरचं काम केलं. बटणं दाबून आपणच नंबर लावायचे दिवस यायच्या आधी अर्ध्या शहराचे नंबर तिच्या डोक्यात होते. दवाखाना म्हटलं की नंबर, पीठवाला म्हटलं की नंबर. लोक नंबर सांगायचेच नाहीत, नुसतं नाव सांगायचे. आई म्हणायची, एकीच्या डोक्यात सगळी स्मरणशक्ती ओतली, दुसऱ्याला नुसती जीभ मिळाली.

तिची गाडी छोटी, निळी, चौदा वर्षांची. त्या गाडीच्या इंजिनाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. या वर्षी ताईचा उजवा गुडघा ब्रेकवर दगा द्यायला लागला. कुणी काही म्हणायच्या आत तिनंच ठरवलं, गाडी विकायची. आलेल्या पैशातून न्हाणीघर नीट करून घ्यायचं, धरायला दांडा बसवायचा आणि आहे त्या घरात एकटीनंच राहायचं. मुलाकडे जायचं नव्हतं तिला. मुलगा वाईट नाही. हुशार आहे, मोठ्या ऑफिसात आहे आणि सगळ्यांशी लहान मुलांशी बोलावं तसं बोलतो. माझ्याशी तर जास्तच. “मामा, तुम्हाला नाही कळायचं ते.” हे वाक्य मी त्याच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की तो तोंड उघडायच्या आधीच माझे कान तापतात.

जाहिरात ताईनं स्वतः टाकली. फोटोही तिनंच काढले, दारावरचा ओरखडासुद्धा लपवला नाही. चार-पाच फोन आले. त्यातल्या एकाला तिनं गाडी बघायला माझ्या गॅरेजवर पाठवलं.

हा माणूस पन्नाशीचा, साधा शर्ट, बोटांची नखं काळी. त्यानं गाडीला फेरी मारली नाही, टायरला लाथ मारली नाही, सीटवर हात फिरवला नाही. बॉनेट उघडायला सांगितलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि माझ्या फळीवरचा लांब स्क्रूड्रायव्हर न विचारता उचलला. टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

इंजिन असं ऐकणारे आता उरलेले नाहीत. आताची पोरं वायर जोडतात आणि पडदा बघतात. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिनातली कुठली टॅपेट वाजते आणि कुठली वाजत नाही हे ओळखणारा मी या भागात शेवटचा, असं मी समजत होतो. त्यानं चार ठिकाणी टोक टेकवलं, डोळे उघडले आणि म्हणाला, तिसऱ्या नंबरची टॅपेट कुणीतरी हातानं बसवलीय, आणि ज्यानं बसवलीय त्याला मी ओळखत नाही हे माझं दुर्दैव.

मी विरघळलो. दुसरा शब्द नाही. बायकोनं तीस वर्षांत केलं नाही एवढं कौतुक या परक्यानं दोन मिनिटांत केलं. मी त्याला चहा पाजला, माझी हत्यारं दाखवली, तीस वर्षांपूर्वीचा एक पिस्टन काढून दाखवला. तो निघून गेल्यावर ताईला फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक मिळालं, याला गाडी द्यायची. ती म्हणाली, सोमवारी बँकेत बोलावते. मी म्हणालो, बोलाव.

तो सोमवारपर्यंत थांबलाच नाही. शनिवारी साडेचारला तो ताईच्या दारात उभा राहिला. उद्या पहाटे परगावी जायचंय, गाडी घेऊनच जायचंय, पैसे आत्ता पाठवतो म्हणाला. बँक बंद झालेली. त्यानं तिच्यासमोर मोबाइलवरून पैसे पाठवले, हिरवी खूण दाखवली. तिच्या फोनवर मेसेज आला, बँकेचं नाव, रक्कम, सगळं बरोबर. ताईनं चष्मा लावला आणि आपलं खातं उघडलं. शिल्लक होती तेवढीच होती. मग तिनं त्याला बाहेरच्या खुर्चीत बसवलं, आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि मला फोन केला.

मी एका गाडीखाली होतो. छातीवर गिअरबॉक्स, गाडीचा मालक डोक्याशी उभा राहून अजून किती वेळ, अजून किती वेळ म्हणत होता. ताईनं सगळं क्रमानं सांगितलं. मेसेज आलाय, खात्यात पैसे नाहीत. त्याला सोमवारी यायला सांगू का?

तिनं काय चूक केली ते कुणीतरी मला दाखवावं. जे जे मी जगाला शिकवलं ते ते तिनं केलं. मी काय केलं? मी चिडलो. मी म्हणालो, “अगं, मोठी रक्कम आहे, वेळ लागतो. तो माणूस इंजिन कानानं ऐकतो ताई, असला माणूस फसवत नाही. चावी दे.” आणि फोन ठेवला.

तिनं चावी दिली. कागदही दिले.

पैसे शनिवारी आले नाहीत, रविवारी आले नाहीत. सोमवारी बँकेतल्या मुलीनं मेसेज बघितला आणि म्हणाली, हा आमचा नव्हेच, साध्या मोबाइलवरून पाठवलाय, वर आमचं नाव लिहिलंय इतकंच. त्या माणसाचा नंबर बंद. दिलेल्या पत्त्यावर लाकडाची वखार.

संध्याकाळी पोलीस चौकीत आम्ही तिघं. मी, ताई आणि ऑफिसातून तडक आलेला भाचा. लाकडी बाक, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, आणि टेबलामागचा अंमलदार दोन बोटांनी टाइप करत होता. त्यानं विचारलं, खात्यात पैसे नाहीत हे दिसत असताना चावी दिली कशी? ताई म्हणाली, मी माझ्या भावाला विचारलं. अंमलदारानं माझ्याकडे बघितलं. भाच्यानंही बघितलं. त्याच्या ओठाचा एक कोपरा आधीच वर गेला होता. “मामा, तुम्हाला नाही कळायचं” हे आता त्याच्या तोंडून चौकीत, साक्षीदारांसमोर, सरकारी कागदावर येणार होतं.

मी म्हणालो, “मी तिला थांब म्हणालो होतो.”

बस, एवढंच. विचार करून बोललो असं म्हणालो तर स्वतःला मोठेपणा दिल्यासारखं होईल. विंचू दिसला की पाय मागे जातो तशी माझी जीभ गेली.

ताईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ती मला नीट बघत होती, चष्म्याची काच पुसून बघावं तशी. हळूच म्हणाली, नाही रे, तू दे म्हणालास. आणि मी, माझ्या हातात अजून वेळ असताना, दुसऱ्यांदा तेच केलं. म्हणालो, “धांदलीत असं होतं ताई. वय झालं की राहत नाही लक्षात.”

अंमलदारानं टाइप केलं. भाच्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच आदरानं बघितलं. त्या आदराची मला अजून ओकारी येते.

त्यानंतरचं सगळं फार प्रेमानं झालं. भाच्यानं प्रेमानं आईचं बँकेचं कार्ड आपल्याकडे ठेवलं. सुनेनं प्रेमानं तिच्या मोबाइलमधून बँकेचं खातं काढून आपल्या मोबाइलमध्ये घेतलं. वाणसामान तेच आणून टाकायला लागले. न्हाणीघराचा विषय निघाला की म्हणायचे, आई, आता तिथे पैसे कशाला घालायचे, तू आमच्याकडेच येणार आहेस ना. शेजारीण येता-जाता विचारायची, गॅस बंद केलात ना?

गॅस बंद केला होता. तिनं आयुष्यात कधी गॅस चालू ठेवला नव्हता. पण ती उठून बघायला लागली. मग दोनदा बघायला लागली. मग एक वही केली. दार लावलं, सव्वानऊ. गोळी घेतली, साडेनऊ. एक्स्चेंजमध्ये जिनं कधी चिठोरा ठेवला नाही तिनं वही केली. आणि ती मला फोन करायला लागली. अरे, काल मी तुला फोन केला होता का? आपण काय बोललो? मी सांगायचो. ती म्हणायची, हां, मलाही तसंच आठवतंय. आणि सुटल्यासारखा श्वास सोडायची.

मी तिची परीक्षा घेणारा मास्तर झालो होतो. ज्यानं पेपर फोडला तोच मास्तर.

तिनं भांडण केलं असतं तर मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला सांगायचो. हे धादांत खोटं. ती भांडली असती तर मी अजून जोरात खोटं बोललो असतो, मला मी ओळखतो. पण ती भांडली नाही. एकदा गॅरेजवर आली, बसनं, गुडघा धरून. स्टुलावर बसली. मी कार्ब्युरेटर साफ करत होतो, मान वर केली नाही. ती म्हणाली, “तूच बरोबर असशील रे. पण मला ते अगदी ऐकू येतं. तुझा आवाज, मागे कुणीतरी घाई करतंय, आणि तू दे म्हणतोस. इतकं स्पष्ट ऐकू येतं आणि ते घडलेलंच नाही. याची भीती वाटते.”

मी म्हणालो, चहा घेतेस?

हेही लिहून ठेवा. बहीण म्हणते मला वेड लागतंय, आणि भाऊ म्हणतो चहा घेतेस.

चौथ्या महिन्यात भाच्याचा फोन आला. स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. त्यांनी तपासून चिठ्ठी दिली की पुढचे कागद सोपे जाणार होते. खात्याचे, घराचे, सगळे व्यवहार मुलाच्या सहीनं. आईची तयारी होती, तीच म्हणाली होती, करून टाक बाबा एकदाचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रसंग जवळून बघितलेलं कुणीतरी बरोबर आणा. “मामा, त्या दिवशी फोनवर तुम्हीच होतात. तुम्ही सांगितलंत की त्यांना नीट कळेल.” तुम्हाला नाही कळायचं म्हणणारा माझा भाचा आता मला साक्षीला बोलावत होता.

डॉक्टर बाई तरुण होत्या, टेबलावर नुसता एक कागद आणि पेन्सिल. त्यांनी ताईला घड्याळ काढायला लावलं, तिनं काढलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तिनं केले, मध्ये अडखळली, माफी मागितली, पुन्हा केले. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले, पाचही सांगितले. डॉक्टर म्हणाल्या, हे तर छान आहे, मग त्रास काय होतो? ताईनं हात मांडीवर ठेवले. म्हणाली, मी विसरत नाही हो. मला न घडलेलं आठवतं.

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. त्यांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. त्या म्हणाल्या, विसरणं निराळं आणि हे निराळं, हे जास्त बघावं लागेल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, त्या दिवशी फोनवर नेमकं काय झालं, तुम्ही सांगा.

एका बाजूला भाचा, मान हलवून मला धीर देत होता. दुसऱ्या बाजूला ताई. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, जमिनीकडे बघत होती. शिक्षा ऐकायला उभं राहिलेलं माणूस बघतं तशी. आणि तिला शिक्षा मी देणार होतो.

“तिला बरोबर आठवतंय,” मी म्हणालो. “चावी दे असं मीच म्हणालो. चौकीत खोटं बोललो.”

मला वाटलं होतं छत कोसळेल. काही कोसळलं नाही. भाचा उठला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना समजावून सांगितलं की मामांचा आईवर फार जीव आहे, तिला वाईट वाटू नये म्हणून ते स्वतःवर घेताहेत. माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, तुमच्या भावना कळतात. पण असं खोटं बोलून तिची मदत होणार नाही.” मी ओरडून सांगितलं की मी खरं बोलतोय. जितका ओरडलो तितका मायाळू भाऊ दिसत गेलो. डॉक्टर बाईही समजुतीनं बघायला लागल्या. चार महिने माझं खोटं सगळ्यांनी बिनबोभाट घेतलं आणि आता खरं कुणी विकत घेईना.

तेव्हा ताई बोलली.

ती म्हणाली, कागद द्या. तो दे म्हणाला त्यावर मी एक वाक्य बोलले होते. मग त्यानं फोन ठेवला. ते वाक्य मी चौकीत सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, कुणालाच नाही. तेही मीच रचलं असेल असं वाटायचं. मी इथे लिहिते. मग याला विचारा.

तिनं लिहिलं, कागद पालथा घातला आणि वर तळहात ठेवला.

त्या फोनची हकिगत मी वर सांगितली तेव्हा हे वाक्य मीही गाळलं. ‘चावी दे’ म्हणालो ‘आणि फोन ठेवला’ असं सांगितलं. मधलं खाल्लं. इतका वेळ कबुली देतानासुद्धा खाल्लं, कारण चार महिने मला झोपू न देणारं तेच वाक्य होतं. डॉक्टर म्हणाल्या, सांगा.

मी म्हणालो, “ती म्हणाली, माझं मन घेत नाही, पण तू म्हणतोस म्हणून देते.”

डॉक्टरांनी कागद उलटा केला, वाचला, भाच्यापुढे सरकवला. त्यानं वाचला. एकदा, मग पुन्हा. त्याचे कान लाल झाले. मी त्याला प्रथमच शब्दावाचून बघत होतो, पण त्याची मजा घ्यायला माझ्याकडे तोंड कुठे होतं. वाक्य तेच, अक्षर ताईचं, सरळ, ठळक, एक काना इकडचा तिकडे नाही.

ताईनं तो कागद वाचला नाही. तिनं डोळे मिटले. रडली नाही. दूरच्या प्रवासाहून आलेलं माणूस घरात बसतं तशी बसली. मग मुलापुढे हात पसरून म्हणाली, कार्ड. त्यानं पाकिटातून काढून दिलं. आई, मला काय माहीत, असं काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, तुझी चूक नाही, तू तुझ्या मामावर विश्वास ठेवलास, मीही ठेवला होता.

बाहेर येऊन तिनं डॉक्टरांची फी स्वतः भरली. भाचा खाली गाडी आणायला गेला. व्हरांड्यात आम्ही दोघंच. मी म्हणालो, गाडीची पूर्ण किंमत भरून देतो, गॅरेजमधलं मशिन विकतो, पण देतो. उद्या चौकीत जाऊन जबाबही बदलतो. ती ऐकून घेत होती, एक्स्चेंजमध्ये तक्रारी ऐकून घ्यायची तशी, चेहऱ्यावर काही न आणता.

“जबाब बदल,” ती म्हणाली. “पैसे तुझ्याकडे ठेव.”

मी म्हणालो, निदान न्हाणीघराचं तरी करू दे.

ती म्हणाली, “गाडी त्यानं नेली. तो चोर होता, त्याचं ते कामच. त्याच्यावर माझा राग नाही.” तिनं गुडघा चाचपला. “मी तुला सदतीस फोन केले रे. काल काय बोललो ते विचारायला. सदतीस. वहीत नाहीत ते, मला आठवतात.”

मी नखातलं ग्रीस काढत राहिलो.

“एकदा तरी,” ती म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. खालून भाच्यानं हॉर्न दिला. मी तिचा हात धरायला पुढे झालो. तिनं कठडा धरला आणि एकेक पायरी करत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, एकटी उतरली. मी वरच उभा राहिलो. चल म्हणाली नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी मी चौकीत गेलो. अंमलदार तोच होता. त्यानं जुना जबाब काढला, माझा नवा ऐकला आणि विचारलं, आता का बदलताय, गाडी तर मिळणार नाही. मी म्हणालो, गाडीसाठी नाही. तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. मी सांगत होतो आणि तो मध्येच थांबवून विचारत होता, म्हणजे तुम्ही स्वतः दे म्हणालात? हो. आणि बहिणीनं विचारलं होतं की थांबवू का? हो. आणि तरी तुम्ही दे म्हणालात? हो. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तरी मी हो म्हणालो, आणि त्यानं अजून दहादा विचारावं असं मला वाटत होतं.